लिआंडरचे तीन ठोके

लिआंडर लोला वारला त्यानंतरचा दुसरा हिवाळा लागला होता. एका सकाळी त्याची बायको डेलिमा चुलीवर किटली चढवत होती आणि घरामागच्या दलदलीतून ठोके आले. तीन ठोके, मग शांतता. पुन्हा तीन, पुन्हा शांतता. पाणी किटलीत कमी आणि चुलीवर जास्त सांडलं.

ठोकण्याची ही तऱ्हा साऱ्या तळ्याकाठी एकाच माणसाची होती. टोपल्यांसाठी पट्ट्या काढायच्या म्हणजे काळ्या ॲश नावाच्या झाडाचा ओंडका आडवा घालायचा आणि कुऱ्हाडीच्या पाठीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत बडवत जायचं. बडवलं की लाकडाचा वर्षावर्षाच्या वाढीचा थर सुटतो, हातानं उचलता येतो. बाकीचे पुरुष बडवतात ते एकसारखं, घरातला राग लाकडावर काढल्यासारखं. लिआंडर तीन ठोके मारायचा आणि थांबायचा. का रे थांबतोस, म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचा, लाकडाला जरा दम खाऊ दे. खरं कारण डेलिमाला ठाऊक होतं. तो ओढ्याकाठी थांबला की ती स्वयंपाकघराच्या काचेवर बोटातली अंगठी दोनदा वाजवायची, टिक टिक. म्हणजे मी आहे, सगळं ठीक आहे, चालू दे तुझं. सारा संसार दोघांनी असा काचेतून केला आणि कुणाला त्याचा पत्ता लागू दिला नाही.

त्या सकाळीही हात आपसूक वर गेला. टिक टिक. आणि दलदलीतून पुन्हा तीन ठोके आले. डेलिमा खुर्चीवर बसली आणि रडली, पण ते रडणं वाईट नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदा तिला घरात कुणीतरी असल्यासारखं वाटलं.

सुतार पक्षी असेल, असं तुम्ही म्हणाल. जिचा जन्म झाडांत गेला त्या बाईला सुतार पक्षी शिकवायला नको. सुतार वाजवतो ते सलग, तडतड तडतड, साऱ्या रानाला ऐकू जाईल असं. हे तसं नव्हतं. हे हळू होतं, मन लावून केलेलं. कामावरच्या माणसाचं ठोकणं होतं हे.

लोलांच्या घराची एक रीत आहे. घरातला बडवणारा पुरुष गेला की त्याच्या झाडांना वर्षभर कुऱ्हाड लावायची नाही. मेलेल्याचा हात झाडावरून लगेच उठत नाही, असं डेलिमाची सासू म्हणायची. तळ्याकाठच्या बाकीच्या घरांत अशी रीत नाही, आणि लोलांच्या या रीतीला पूर्वी लोक हसायचेही. वर्ष सरलं तरी डेलिमानं कुणाला आत जाऊ दिलं नाही. ती स्वतःही गेली नाही. इतकंच काय, लिआंडरनं जायच्या आधी ओढ्यात बुडवून ठेवलेला शेवटचा ओंडका होता, त्यालाही तिनं हात लावला नाही. पहिल्याच उन्हाळ्यात ओढा आटला आणि ओंडक्याचं एक टोक पाण्याबाहेर आलं. ते तिला रोज खिडकीतून दिसायचं. त्याच्या हातानं ठेवलंय, तसंच राहू दे, असं ती मनाशी म्हणायची.

तिसऱ्या हिवाळ्यात ठोके वाढले आणि झाडं पांढरी पडू लागली.

आधी एकच. दुपार कलली, उजेड मंदावला, आणि काळपट बुंध्यांच्या गर्दीत एक बुंधा वरच्या अंगानं फिकट दिसला, कुणीतरी कपडे उतरवल्यासारखा. आठवड्यानं त्याच्या शेजारी दुसरा. मग मागच्या रांगेत तीन-चार. अंधार पडता पडता बाकी सगळं रान नाहीसं व्हायचं आणि ही फिकट माणसं तेवढी उभी राहायची, घराकडे तोंड करून. डेलिमाच्या अंगावर काटा यायचा, तरी तिला खिडकीपासून हलवत नसे. आमच्यात सांगतात, पहिला माणूस ॲशच्या सालीतून बाहेर आला. जिथून आलो तिथंच मेल्यावर परत जात असणार, असं तिला वाटायचं. ती त्यांच्यात सासू शोधायची, आई शोधायची. लिआंडर कुठला ते तिनं कधीच ठरवून टाकलं होतं.

अशात लिआंडरचा धाकटा भाऊ ऑल्टन आला. तो जमातीच्या वनकचेरीत कामाला. बूट दारात झटकले, चहात दोन चमचे काकवी घातली, आणि घोट घ्यायच्या आधीच म्हणाला, "वहिनी, एक झाड दे मला."

"कशाला?"

"सापळा करायला. बुंध्याभोवती सालीचं कडं काढायचं. झाड आजारी पडतं, त्याचा वास सुटतो, आणि आसपास तो ॲश पोखरणारा हिरवा भुंगा असला तर आधी त्याच्यावरच येऊन बसतो. पानं गळायला लागली की झाड पाडायचं, साल सोलायची, आत अळी आहे का बघायचं."

"म्हणजे चांगलं झाड मारायचं, रोग आहे का ते बघायला."

"एक जातं, बाकीची वाचतात."

"आणि भुंगा नसलाच तर?"

"तर ते लाकूड मी तुला बडवून देईन. फुकट."

"तू बडवणार? तुझा भाऊ म्हणायचा, ऑल्टननं बडवलं की लाकूड रडतं."

ऑल्टन हसला. पण जागचा हलला नाही. "खाली तीन जिल्ह्यांत भुंगा आलाय, वहिनी. तिथं ॲश उरलाच नाही. आपल्याकडे आला तर टोपली राहणार नाही, नुसती गोष्ट राहील टोपलीची. वर्षाचं म्हणशील तर दोन झाली आता."

"तुझी झाली असतील."

त्यानं उरलेला चहा संपवला. मग उठता उठता सहज विचारल्यासारखं म्हणाला, "इकडे सुतार पक्षी वाढलेत का गं? सगळ्यांना विचारतोय. अळी असली की थंडीत ते येतात, साल उडवून खातात."

डेलिमाची नजर दलदलीकडे गेली. पण ठोके तिचे होते. ते कचेरीच्या कागदावर चढवायचे नव्हते.

"नाही," ती म्हणाली. "मला तर नाही दिसले."

हे खोटं नव्हतं, कारण तिनं पक्षी पाहिलाच नव्हता. पण चोराच्या मनात चांदणं. ऑल्टनची गाडी वळेपर्यंत ती दाराआड उभी राहिली.

ठोक्यांची गोष्ट तिनं एकाच माणसाला सांगितली होती, टेकडीपलीकडच्या फिलोमिनला. फिलोमिन म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई. दोघी एकाच वयाच्या, एकाच बाजारात टोपल्या विकत आलेल्या, आणि एकमेकींच्या टोपलीला आयुष्यभर नावं ठेवत आलेल्या.

"जिवंत होता तेव्हा हाका मारून मारून घसा बसायचा तुझा, तेव्हा कामाला लागायचा नाही," फिलोमिन म्हणाली. "आणि आता बघ, न सांगता पहाटेपासून."

"थट्टा नको करूस गं."

"थट्टा कुठे करतेय? जेवायला घाल त्याला. मेहनत करतोय बिचारा."

डेलिमानं ते मनावर घेतलं. रविवारी मूस हरणाचा रस्सा केला की एक ताटली दलदलीच्या कडेच्या खुंटावर ठेवायची, वर पावाचा तुकडा. सकाळी ताटली चाटूनपुसून साफ असायची. कोल्हा, कावळा, कोण ते तिनं पाहायचा प्रयत्न केला नाही.

मग मार्च लागला. बर्फ दिवसा सैल व्हायचा, सकाळी पुन्हा दगडासारखा कडक. एका रविवारी ती ताटली ठेवायला गेली तेव्हा ठोके अगदी जवळून येत होते. पहिल्याच रांगेच्या मागून. वाटलं, दोन पावलं टाकली तर पाठमोरा दिसेल, ती तपकिरी टोपी, तो जरा वाकलेला डावा खांदा. तिनं ताटली बर्फावर ठेवली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आत गेली.

झाडाखाली बर्फावर सालीचे तुकडे पडले होते. ढीगच्या ढीग, जिथं बडवलंय तिथं पडतात तसे. डेलिमानं एक तुकडा उचलला. "लिआंडर," ती हळू म्हणाली.

वर ठोके थांबले. तिनं मान वर केली. काळा-पांढरा सुतार पक्षी, मुठीएवढा, बुंध्याला चिकटून तिच्याकडे एका डोळ्यानं बघत होता. त्यानं पुन्हा मान मागे घेतली. टक, टक, टक. सालीची एक खपली खाली आली, तिच्या खांद्यावर पडली. मग चोच आत खुपसून त्यानं पांढरं काहीतरी ओढून काढलं, गिळलं, आणि पुढच्या जागी सरकला.

किती वेळ ती तशीच उभी होती कोण जाणे. मग तिनं कमरेची सुरी काढली, पट्ट्या तासायची, आणि सैल झालेल्या सालीखाली घातली. साल सहज निघाली. ओल्या, जिवंत झाडाची साल कधी अशी निघत नाही. आतलं लाकूड नागमोडी रेघांनी भरलं होतं, रेघेवर रेघ, बारीक भुशानं भरलेली, बोटभर जागा रिकामी नाही. दुसऱ्या झाडाला तेच. तिसऱ्याला तेच. रात्री माणसं होऊन उभी राहणारी तिची झाडं दिवसाउजेडी नुसती सोललेली, मेलेली झाडं होती.

ती परत फिरली ती घराकडे नाही, ओढ्याकडे. का, ते तिला पायांनी सांगितलं. डोकं अजून तिथवर पोचलं नव्हतं.

ओंडक्याचं वर आलेलं टोक कोरडं पडलं होतं. तिनं हातमोजा काढून त्यावरचा बर्फ पुसला. सालीवर बारीक भोकं होती, तांदळाच्या दाण्याएवढी, एका बाजूला सपाट, दुसऱ्या बाजूला गोल, अर्ध्या चंद्रासारखी. ऑल्टननं घरोघर वाटलेल्या चित्रात होती तीच. भुंगा बाहेर पडतो तेव्हा अशी वाट ठेवून जातो. पाण्याखाली गेलेला भाग तिनं कोपरापर्यंत हात घालून चाचपला. तिथं साल गुळगुळीत होती, एकही भोक नाही.

तिला सगळं आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं. त्या शरदात ती दारात बसून कुरकुरत होती. या दलदलीत धड लाकूड उरलं नाही, सगळ्या काटक्या. मरायच्या आधी एकदा तरी मोठी पाटी विणीन म्हटलं, तर पट्टी वीतभरही सरळ निघत नाही. लिआंडरला तेव्हाच दम लागायचा. दोघांनाही ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. तो काही न बोलता गाडी घेऊन गेला आणि दोन राज्यं ओलांडून, नदीकाठच्या पाहुण्यांकडून, ताडपत्रीखाली ओंडके घालून आला. जाड, सरळ, बिनगाठीचे. "तिकडून लाकूड आणायला बंदी आहे ना रे?" तिनं विचारलं होतं. "पाण्यात घालतोय ना," तो म्हणाला. "पाण्यात भुंग्याचा बापसुद्धा जगत नाही." एक तिच्यासाठी ओढ्यात घातला, वर दगड ठेवले. बाकीचे वाटून टाकले. आमच्याकडे चांगलं लाकूड कुणी एकट्यानं ठेवत नाही.

नंतर ओढा आटला तेव्हा दगड ढकलून ओंडका खाली दाबायला तो राहिला नाही. आणि ती होती, पण तिनं हात लावला नाही.

तिनं ऑल्टनला बोलावलं. झाडं दाखवली. ओंडक्यावर मात्र त्याआधीच पुन्हा बर्फ ओढून ठेवला होता.

ऑल्टन एकेका झाडाला हात लावत गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा म्हाताऱ्यासारखा झाला होता. "दोन वर्षं तरी झाली असतील," तो म्हणाला. "तेव्हा कळलं असतं तर..."  ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याच्या पाठीवरून हात फिरवावा असं तिला वाटलं, पण हात उचलला नाही.

शनिवारी सभाघरात सगळे जमले. ऑल्टननं उभं राहून सांगितलं की भुंगा आलाय, लोलांच्या दलदलीत पक्का बसलाय. तिथली झाडं वाचायची नाहीत. आता बाकीची बघायची. बारीक गांधीलमाश्या मिळणार आहेत, त्या अळीत अंडी घालतात आणि अळी मरते. झाडांना टोचायचं औषध मिळणार आहे. दोन्ही थोडी आहेत, म्हणून नेमकी जिथं लागतील तिथंच द्यायची. औषध झाड धडधाकट असेल तोवरच चढतं. साल सुटल्यावर टोचलं तर पालथ्या घड्यावर पाणी.

"पण आला कुठून?" कुणीतरी विचारलं.

"मला वाटतं तंबूवाल्यांच्या जळणातून," ऑल्टन म्हणाला. "उन्हाळ्यात दरसाल दक्षिणेकडून सुट्टीला येतात, गाडीत लाकडं भरून. म्हणून औषध आधी तळ्याच्या त्या काठाला, तंबूंच्या मैदानाजवळ द्यायचं."

झालं, सगळ्यांना शिव्या द्यायला माणूस सापडला. फिलोमिननं तंबूवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यांच्या शेकोट्या, त्यांची कुत्री, त्यांच्या बायकांच्या चड्ड्या, काही सोडलं नाही. लोक हसले, मग पुन्हा चिडले. डेलिमा मागच्या बाकावर हात मांडीत घेऊन बसली होती. तोंड उघडायचीही गरज नव्हती. तंबूवाले येऊन तिच्या लिआंडरला वाचवून गेले होते.

सभा उठल्यावर फिलोमिन तिच्या शेजारी येऊन टेकली. आता तिचा आवाज वेगळा होता. "तुझी गेली गं झाडं. वाईट वाटतं. माझ्याकडची तरी आहेत, देवाची कृपा. ऑल्टन म्हणतो, बियाणं धरायचं तर माझ्या पाणथळातल्या त्या जुन्या झाडांवरच धरायचं." मग थोडं थांबून म्हणाली, "लिआंडरनं दिलेला तो ओंडका आहे ना, अजून तसाच आहे. शेडला टेकवून ठेवलाय. बुडवीन बुडवीन म्हणाले आणि तो गेलाच. तुमच्या रीतीला मी हसत होते, पण मग माझाही हात उठला नाही."

डेलिमाला त्या रात्री झोप लागली नाही, आणि सकाळ झाली तरी बरं वाटलं नाही. किटली चढवली. दलदलीतून तीन ठोके आले. आता तिला पक्षी ठाऊक होता, त्याची चोच ठाऊक होती, तो काय खातो तेही ठाऊक होतं. तरी तिनं कान दिला. ठोके तेच होते. फक्त आता ते बोलावल्यासारखे वाटत नव्हते. सांग, सांग, सांग, असं ते म्हणत होते. तिनं काच वाजवली नाही.

ती कोट घालून टेकडी चढून फिलोमिनच्या घरी गेली. हाक न मारता सरळ शेडमागे. ओंडका उन्हात, कोरडा, भिंतीला टेकलेला. फिलोमिन एप्रनला हात पुसत बाहेर आली तेव्हा डेलिमाचं बोट सालीवर होतं, एका अर्ध्या चंद्रावर. खाली दुसरा. वर तीन. वरपासून खालपर्यंत.

"हे काय गं?" फिलोमिन म्हणाली. मग तिलाच कळलं. तिनं आधी ओंडक्याकडे, मग घरामागच्या पाणथळाकडे पाहिलं. झाडं अजून काळी, भरदार उभी होती. एकाही बुंध्यावर फिकट डाग नव्हता. सुतार पक्षी अजून इकडे पोचला नव्हता.

"कुठनं आणलं होतं त्यानं?"

"नदीकडनं. माझ्यासाठी. मी कुरकुरत होते म्हणून."

फिलोमिननं मागं वळून रस्त्यावर कुणी नाही ना ते पाहिलं.  मग ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "जाळून टाकू. आत्ता. तू धर खालनं. कुणाला काही कळायचं नाही. मेलेल्या माणसाचं नाव कशाला घाण करतेस? लिआंडरनं भुंगा आणला म्हणून पोरं वर्षानुवर्षं सांगतील. त्यांच्यानंतरची पोरंही सांगतील."

"सांगतील."

"मग?"

"मग तुझ्या झाडांना औषध कोण देईल, फिलोमिन? ऑल्टन तळ्याच्या त्या काठी टोचत बसेल, तंबूवाल्यांच्या मैदानात. इथं तुझी साल सुटेपर्यंत कुणी येणार नाही."

फिलोमिननं तोंड फिरवलं. खांदे हलत होते. आयुष्यात पहिल्यांदा डेलिमाला तिचा राग आला नाही. लिआंडरचं नाव वाचवायला ही बाई स्वतःची झाडं द्यायला निघाली होती, आणि ती झाडं म्हणजे साऱ्या तळ्याकाठचं बियाणं होतं. असं प्रेम दुसऱ्याकडून होऊ द्यायचं नसतं. आपल्याकडून एकदा होऊन गेलंय तेवढं पुरे.

पुढच्या शनिवारी डेलिमा सभाघरात गेली ती सालीचा एक तुकडा फडक्यात बांधून. ऑल्टन बोलायला उभा राहिला तेव्हा तीही उभी राहिली, आणि कुणी थांबवायच्या आत तुकडा त्याच्यासमोर टेबलावर ठेवला.

"तंबूवाल्यांना सोडा," ती म्हणाली. "भुंगा माझ्या नवऱ्यानं आणला. लाकडातून. बंदी होती ते त्याला ठाऊक होतं. मलाही. एक ओंडका माझ्या ओढ्यात आहे, एक फिलोमिनकडे. आणि ऑल्टन, तू मला सुतार पक्ष्याचं विचारलंस तेव्हा मी नाही म्हणाले. दोन हिवाळे ऐकत होते मी. मला वाटत होतं, तोच आहे."

 मागं कुणीतरी खुर्ची सरकवली आणि बाहेर निघून गेलं. एक म्हातारा पुटपुटला ते तिला ऐकू आलं, आणि ते लिआंडरबद्दल होतं. तिला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. आत कुणीतरी पुन्हा मेलं होतं.

ऑल्टननं सालीचा तुकडा उचलला, उजेडाकडे धरला. भाऊ होता त्याचा. त्याच्याच कुऱ्हाडीनं हा बडवायला शिकला होता. त्यानं तुकडा परत टेबलावर ठेवला.

"अजून कुणाला दिलं होतं, वहिनी?" त्यानं विचारलं.

"सबॅटिसला."

"मी तर त्याच आठवड्यात बडवला," कोपऱ्यातून सबॅटिस म्हणाला. "साल चुलीत गेली. चांगलं लाकूड होतं." मग हे बोलायला नको होतं असं वाटून त्यानं मान खाली घातली.

"बरं," ऑल्टन म्हणाला. "मग औषध आधी फिलोमिनच्या पाणथळाला." आणि त्यानं भिंतीवरच्या नकाशातली तळ्याच्या त्या काठची टाचणी काढून टेकडीवर टोचली.

बर्फ विरघळायला लागला तेव्हा फिलोमिनच्या जुन्या झाडांच्या बुंध्यांत औषधाच्या नळ्या लागल्या होत्या आणि ती स्वतः दिवसभर खुर्ची टाकून त्यांच्यावर पहारा करत होती. वाचतील का ते ऑल्टनही सांगत नव्हता. लवकर आलो, एवढंच म्हणत होता. डेलिमाच्या दलदलीत त्यानं काठावरच्या एका अजून जिवंत झाडाला लाल फीत बांधून ठेवली होती. "आता तरी दे," इतकंच म्हणाला होता. उरलेले भुंगे उडाले तर टेकडीकडे जाऊ नयेत, इथंच त्या झाडावर येऊन बसावेत, म्हणून. डेलिमा हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती.

मग एका सकाळी किटली चढवताना ठोके आले. तीन, आणि थांबणं.

हात सवयीनं काचेकडे गेला आणि वाटेतच थांबला. इतके दिवस ती काय सांगत होती त्याला? सगळं ठीक आहे. चालू दे तुझं. आणि तो तिकडे एकेका झाडावर चढून, साल फोडून, एकेक अळी ओढून काढत होता. स्वतः आणलेली. थंडीत, एकटा, दोन हिवाळे. थांबत होता तो तिच्या टिक टिकसाठी नाही. कुणी मदतीला येतंय का, ते बघायला थांबत होता, आणि दर वेळी तिनं काच वाजवून सांगितलं होतं की ठीक आहे.

डेलिमानं किटली खाली उतरवली. दारामागचे त्याचे बूट पायांत घातले, मोठे होत होते तरी घातले. खुंटीवरची कुऱ्हाड घेतली. लोलांच्या घरात बाईनं दलदलीत कुऱ्हाड नेल्याचं कुणाला आठवत नाही. ओढ्यावरची फळी ओलांडून ती लाल फितीच्या झाडाशी आली, तळहात बुंध्यावर ठेवला, आणि सालीचं कडं काढायला पहिला घाव घातला.

वर कुठंतरी पक्षी दचकून उडाला, थोड्या वेळानं पुन्हा येऊन पलीकडच्या झाडावर बसला. टक, टक, टक.

"आले रे, आले," ती म्हणाली. "एकट्याच्यानं होणारं काम आहे का हे?"